उजेडाच्या पाट्या आणि घरकुलाचे हप्ते

दुकानांवरील प्रकाशित फलकांचे परवाना शुल्क वाढवावे आणि वाढीव रक्कम घरकुलांसाठी राखून ठेवावी, अशी एक सूचना खान्देशातल्या आमच्या शहरात गेले काही महिने फिरते आहे. ऐकायला ती गोड आहे. ज्याचा बोर्ड रात्री झगमगतो त्याने ज्याच्या घरावर पत्रा आहे त्याला हातभार लावावा, यात वावगे वाटण्यासारखे काही नाही, आणि म्हणूनच चहाच्या टपरीवर, व्यापाऱ्यांच्या बैठकीत किंवा माजी नगरसेवकांच्या ओट्यावर तिला फारसे कोणी आडवे जात नाही. मी करसल्लागार आहे. दुकानदारांचे परवान्यांचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात, आणि वस्तीतल्या ओळखीमुळे घरकुलाच्या फायलीही अधूनमधून येतात. दोन्ही टेबले पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की फलकांवर शुल्क जरूर घ्यावे, ते वाढवायलाही हरकत नाही, घरकुलांवर महापालिकेने स्वतःचा पैसाही खर्च करावा. पण या दोन गोष्टींची गाठ मारू नये.

आधी फलकांचे पाहू, कारण तिथे कायदा बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बारकाईने लिहिलेला आहे. खान्देशात जळगाव आणि धुळे या दोन महानगरपालिका असून दोन्ही २००३ सालच्या आहेत. त्यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. अमळनेर, भुसावळ, शिरपूर, नंदुरबार अशा नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या वेगळ्या अधिनियमाने चालतो. १९४९ च्या अधिनियमात कलम २४४ आकाशचिन्हांसाठी, म्हणजे इमारतीच्या वर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकांसाठी, आहे आणि कलम २४५ जाहिरातींसाठी. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावता येत नाही, हा मूळ नियम. मात्र त्याला एक अपवाद जोडलेला आहे. दुकानात चालणाऱ्या धंद्याशी संबंधित फलक त्याच दुकानावर लावला असेल, तर परवानगीची गरज नाही. पण तो फलक प्रकाशित नसावा आणि आकाशचिन्हही नसावा. म्हणजे पेंटरकडून रंगवून घेतलेली ‘किराणा व भुसार’ची पाटी वर्षानुवर्षे विनापरवाना राहू शकते, आणि त्याच पाटीच्या आत एलईडीची पट्टी बसवली की मालक परवानगीच्या कक्षेत येतो.

हा अपवाद लिहिला गेला तेव्हा दिवा लावणे हे खर्चाचे आणि थोडे चैनीचे काम होते. आज एलईडी मॉड्यूल इतके स्वस्त आहेत की लाइट नसलेला बोर्ड करून घेणाराच विरळा. त्यात २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत, मराठी पाटी बंधनकारक झाली. माझ्या ओळखीतल्या पुष्कळ दुकानदारांनी त्या निमित्ताने जुने पत्रे उतरवले आणि एसीपी शीटवर, म्हणजे अॅल्युमिनियमच्या संमिश्र पत्र्यावर, अॅक्रिलिकची उठावदार अक्षरे बसवून, मागून उजेड सोडून, नवे बोर्ड केले. एका कायद्याचे पालन करताना ते दुसऱ्या कायद्याच्या कक्षेत शिरले आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. भाषेचा नियम कामगार विभागाचा, उजेडाचा नियम महापालिकेचा. दोन्ही कार्यालये एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दुकानदाराला ‘साहेब आले’ एवढेच कळते.

दुकानाचे नाव म्हणजे जाहिरात का, हा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. एटीएमवरच्या प्रकाशित फलकांवरून आयसीआयसीआय बँक आणि बृहन्मुंबई महानगरपालिका यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये न्यायालयाने, नुसते ठिकाण दाखवणारे नाव आणि ग्राहक ओढण्यासाठी केलेले व्यापारी प्रदर्शन यांत फरक केला. आमच्याकडे हा फरक बोर्डाच्या एकाच चौकटीत सापडतो. मधोमध दुकानाचे नाव आणि दोन्ही बाजूंना मोबाइल कंपनीचा, सिमेंटचा किंवा शीतपेयाचा छाप. बोर्ड त्या कंपनीने फुकट करून दिलेला. अशा बोर्डाला ‘माझ्या दुकानाची पाटी’ म्हणणे कठीण आहे आणि त्यावर शुल्क आकारले तर तक्रार करू नये, असे मी माझ्या अशिलांना स्पष्ट सांगतो. ते नेहमीच ऐकतात असे नाही.

शुल्क आणि कर यांतला फरक इथे कळीचा आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होण्यापूर्वी जाहिरातींवर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेच्या राज्यसूचीतील ५५ व्या नोंदीतून येत असे; १०१ व्या घटनादुरुस्तीने ती नोंदच वगळली गेली. त्यानंतर महापालिकेच्या हाती उरले ते परवाना शुल्क, म्हणजे नियमनाचा मोबदला. कराचा पैसा सभागृहाला हव्या त्या कामाला लावता येतो. शुल्काचा मात्र ज्या कामासाठी ते घेतले त्या कामाशी वाजवी संबंध असावा लागतो, मग तो पैशाला पैसा जुळवून दाखवता आला नाही तरी चालेल. फलकांचे शुल्क ‘घरकुलांसाठी’ म्हणून वाढवल्याचे एकदा ठरावात लिहिले गेले, की उद्या एखादा व्यापारी न्यायालयात तोच ठराव दाखवून म्हणेल की हे शुल्क नसून मागच्या दाराने आणलेला कर आहे. वकील म्हणून कोणी नवखा उभा राहिला तरी हा मुद्दा त्याला सुचेल. मग वाढीव वसुलीला स्थगिती, थकबाकी वाढणार, आणि घरकुलाच्या निधीत शून्य.

शिवाय फलकांच्या पैशाला फलकांचेच पुरेसे काम आहे. मे महिन्याच्या अखेरीस रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात जे वादळी वारे केळीच्या बागा आडव्या करून जातात, तेच वारे गावांत येऊन बोर्डही उचकटतात. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी कोसळलेल्या होर्डिंगने १७ जणांचा जीव घेतला. सुमारे १२० फूट बाय १२० फुटांचा तो सांगाडा होता, आणि मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. त्यानंतर सगळीकडे होर्डिंगच्या संरचनात्मक तपासणीच्या नोटिसा निघाल्या, ते योग्यच झाले. दुकानावरच्या बोर्डाकडे मात्र त्या धांदलीत कोणाचे लक्ष गेले नाही. मागच्या उन्हाळ्यात एका कापड दुकानाचा बोर्ड दुरुस्तीसाठी उघडला तेव्हा मी खाली उभा होतो. समोरून चकचकीत असलेल्या शीटच्या मागे लोखंडी अँगल बुडाशी इतका गंजला होता की कारागिराने पक्कड टेकवताच त्याचे पापुद्रे खाली पडले. एसएमपीएसच्या, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणाऱ्या, डब्यात चिमणीने काड्या भरल्या होत्या, आणि वायरीचे तीन सांधे नुसत्या काळ्या टेपने गुंडाळलेले होते, त्यांतल्या एकाची टेप उन्हाने सुकून उलगडलेली होती. खाली दुपारभर दोन हातगाड्या उभ्या असत. या बोर्डाचा परवाना नव्हता, पण परवाना असता तरी त्याचा मागचा भाग कोणी पाहिला असता, याची मला खात्री देता येत नाही.

उजेडाच्या त्रासाचेही तसेच. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या दहाव्या भागात फलकांसंबंधी जे निकष आहेत, त्यांत म्हटले आहे की शेजारच्या रहिवाशांना त्रास होईल एवढ्या तीव्रतेचा प्रकाश फलकाला असू नये. परवानगी दिल्यानंतरही तसा त्रास आढळला तर फलकात बदल करण्याचा किंवा तो काढण्याचा आदेश देता येतो. आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी वा सोयीसाठी आवश्यक असलेले सोडून इतर विजेचे फलक मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत चालू ठेवू नयेत. वाहतुकीच्या सिग्नलजवळ लाल, पिवळा, हिरवा असे फलक नसावेत, हेही त्यात आहे. आमच्या बाजारपेठेत खाली दुकान आणि वर राहते घर, अशी रचना जुनी आहे. खालच्या दवाखान्याची किंवा मेडिकलची हिरवी अक्षरे वरच्या खोलीत रात्रभर भिंतीवर पडतात आणि उन्हाळ्यात खिडकी लावून घ्यावी तर जीव गुदमरतो. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या प्रदेशात ‘पडदा लावा’ हा सल्ला देणाऱ्याने एकदा मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत झोपून पाहावे. यावर उपाय म्हणजे काही शे रुपयांचा टायमर, आणि परवाना देताना त्याची अट. दवाखान्याचा रात्रपाळीचा फलक अर्थातच वगळावा.

म्हणून माझे म्हणणे असे की फलक शुल्कातून आधी एक कनिष्ठ अभियंता आणि एक वीजतंत्री यांची फिरती नेमणूक व्हावी, पावसाळ्यापूर्वी प्रत्येक प्रकाशित फलकाची मागची बाजू उघडून पाहिली जावी, आणि फलकाच्या कोपऱ्यात परवाना क्रमांक व मुदत लिहिण्याची सक्ती व्हावी, म्हणजे रस्त्यावरच्या माणसालाही ती वाचता येईल. महामार्गालगतच्या फलकांचा प्रश्न निराळा आहे, कारण महामार्गाच्या हद्दीतल्या जमिनीवर महामार्ग प्रशासनाचा अधिकार चालतो; तो इथे सोडून देतो.

आता घरकुलांकडे वळू. सूचनेमागची भावना खोटी नाही, हे आकड्यांवरून दिसते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या दुर्बल उत्पन्न गटातील कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये मिळतात. योजना २०१५ च्या जूनमध्ये सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून आहे. अनुदानाचा हा आकडा मात्र जागचा हललेला नाही, आणि सिमेंट, सळई, वाळू, गवंड्याची मजुरी यांचे दर या काळात कुठे गेले ते बांधकाम केलेल्या कोणालाही विचारावे. हिशेबासाठी तीस चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फुटांचे घर घेऊ आणि अगदी साध्या कामाचा दर १,६०० रुपये फूट धरू. खर्च होतो ५ लाख १६ हजार. अनुदान वजा जाता २ लाख ६६ हजारांची तूट उरते, जी मजुरी करणाऱ्या कुटुंबाने स्वतः भरायची. ग्रामीण योजनेत रक्कम कमी, सपाट भागात १ लाख २० हजार. पण तिथे रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे वेगळे बारा हजार जोडीला येत आले आहेत. शहरातल्या कुटुंबाला ती मजुरी नाही.

या तुटीसमोर फलकांचे शुल्क ठेवून पाहा. समजा, शहरात तीन हजार प्रकाशित फलक आहेत, प्रत्येकी वर्षाला एक हजार रुपये वाढवले आणि, जे कधी घडत नाही ते घडून, शंभर टक्के वसुली झाली. तीस लाख रुपये झाले. त्यात तूट भरून निघेल अशी घरे अकरा. वसुलीचा खर्च, न्यायालयीन खर्च आणि बुडीत रक्कम काढली तर सात किंवा आठ. एका प्रभागातल्या एका गल्लीलाही हे पुरणार नाही, आणि त्यासाठी तपासणीचे काम मात्र उपाशी राहील.

आणखी एक गोष्ट खान्देशात घरकुलाच्या पैशाबद्दल बोलताना कोणालाच टाळता येत नाही. जळगाव नगरपालिकेने नव्वदच्या दशकात झोपडपट्टीवासीयांसाठी सुमारे ११ हजार घरकुलांची योजना हाती घेतली. त्यातली थोडीच घरे पुरी झाली, फेब्रुवारी २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि सुमारे २९ कोटींच्या गैरव्यवहाराच्या त्या खटल्यात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवले. प्रकरण पुढे अपिलात गेले. दोषाचा निवाडा न्यायालये करतील. मला त्यातला हिशेबाचा भाग महत्त्वाचा वाटतो. घरकुलांसह अनेक योजनांसाठी हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेकडून घेतलेले कर्ज थकले, महापालिकेची बँक खाती गोठवली जाण्यापर्यंत पाळी आली, आणि ज्या पिढीला ती घरे मिळायची होती तिच्या मुलांनी पुढे तुंबलेल्या गटारींच्या आणि उखडलेल्या रस्त्यांच्या रूपाने त्या कर्जाची झळ सोसली. सतरा मजली इमारतीत बसणारी महापालिका पगाराच्या तारखा पुढे ढकलते, हे दृश्य त्या शहराने पाहिले आहे. त्यामुळे ‘घरकुल निधी’ नावाचे खाते उघडून त्यात इकडून-तिकडून पैसे टाकण्याची कल्पना कोणी मांडली, की मी आधी विचारतो की खर्चाचा निकष कोणी लिहिला आहे आणि तो कोण तपासणार आहे.

मग महापालिकेने स्वतःचा पैसा कुठे घालावा? माझ्या पाहण्यातल्या फायली रकमेअभावी जितक्या अडतात, त्याहून अधिक दोन ठिकाणी अडतात. पहिले ठिकाण जागेचा कागद. आवास योजनेतून स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचा लाभ घ्यायचा तर जागा नावावर हवी, आणि वस्त्यांमधली कितीतरी घरे सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवरील अतिक्रमण म्हणून नोंदलेली आहेत. १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे शासनाचे धोरण आहे; पण त्यासाठी भूमी अभिलेखकडून मोजणी, नकाशा, विकास आराखड्यातल्या आरक्षणाची पडताळणी आणि मग पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, एवढी वाट चालावी लागते, आणि मोजणीची फी भरायची कोणी, यावर वर्षे जातात. एका घराच्या तुटीएवढ्या रकमेत अख्ख्या वस्तीची मोजणी होऊ शकते, आणि मोजणी झाली की प्रत्येक घराला बाहेरून अडीच लाख येण्याची वाट मोकळी होते. पालिकेच्या रुपयाला इतके फळ दुसरीकडे कुठेही नाही.

दुसरे ठिकाण जोते, म्हणजे पायावर जमिनीच्या वर उचललेला चौथरा. हप्ता टप्प्यावर मिळतो, आणि टप्पा झाल्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह चढवल्याशिवाय खात्यात काही येत नाही. याचा अर्थ पाया आणि जोते लाभार्थ्याने आधी स्वतःच्या पैशाने भरायचे. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशी मंजुरीचे पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून माझ्याकडे आल्या होत्या. जुने घर त्यांनी मंजुरीच्या आनंदात पाडून टाकले होते, पत्रे भावाकडे ठेवले होते, आणि पाया खणून दोन महिने झाले होते. ‘‘भाऊ, घर ते मंजूर व्हयनं, पन पैसा कव्हय येतीन?’’ एवढेच त्या विचारत होत्या. पैसे जोते झाल्यावर येणार होते, आणि जोते पैसे आल्याशिवाय होणार नव्हते. शेवटी त्यांनी बचत गटातून आणि थोडे सावकाराकडून उचलले. सावकाराचे व्याज किती, ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मी खोदून विचारले नाही.

या टप्प्यासाठी फिरता निधी असावा, अशी माझी सूचना आहे. जोत्यापुरती रक्कम, तीही रोख न देता सिमेंट, सळई आणि खडीच्या रूपाने द्यावी आणि पहिला हप्ता आल्यावर ती परत घ्यावी. अनुदान थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा होत असल्याने ते परस्पर वळते करता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून वसुलीची जबाबदारी वस्तीस्तरावरच्या बचत गटांच्या संघाकडे द्यावी, त्यांना त्याचा थोडा मोबदला द्यावा. बचत गटांच्या परतफेडीची शिस्त मी अनेक व्यापाऱ्यांच्या खातेवह्यांपेक्षा चांगली पाहिली आहे. काही रक्कम बुडेल. ती किती बुडू द्यायची याची मर्यादा ठरावातच लिहावी, आणि ती ओलांडली की नवे वाटप आपोआप थांबावे. अशा निधीला शासनाची मान्यता लागेल, ती मागावी.

यासाठी पैसा आहे. मागासवर्गीय, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी स्वउत्पन्नातून राखून ठेवायच्या रकमा दरवर्षी मार्च जवळ आला की शिलाई यंत्रे आणि प्रशिक्षण शिबिरांवर घाईघाईने खर्ची पडतात. पात्र कुटुंबांसाठी त्यांतला काही भाग मोजणीवर आणि जोत्यावर लावता येतो का, हे लेखाविभागाने तपासून सांगावे. पालिकेच्या मालकीचे बाजारगाळे हा दुसरा मोठा स्रोत आहे. करार संपलेले गाळे जुन्या भाड्याने वर्षानुवर्षे वापरले जातात, नव्या दराचा विषय निघाला की बंद पुकारला जातो आणि फाइल मंत्रालयात जाते; जळगावच्या मार्केटमधल्या गाळ्यांचा वाद खान्देशात सर्वांना पाठ आहे. भाडे हे शुल्क नव्हे, त्याला नियमनाच्या खर्चाचे बंधन नाही, आणि ते कुठे खर्च करायचे हे सभागृह ठरवू शकते. बोर्डावर हजार रुपये वाढवायला तयार असलेले सदस्य गाळ्याच्या भाड्याचा विषय आला की पुढच्या सभेत घेऊ म्हणतात, याचे कारण सांगायला नको.

राज्याने मोठ्या शहरांत ठेवलेली एक सोयही आमच्या वाट्याला येत नाही. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांत वीस टक्के जागा किंवा घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजार आणि धुळे ३ लाख ७५ हजार. शहराच्या कडेला केळीची आणि कपाशीची रानं मोडून प्लॉट पडत आहेत, त्यांत लहान प्लॉट किती असावेत याचे बंधन लहान शहरांनाही लागू करावे, अशी मागणी इथल्या आमदारांनी विधानसभेत करायला हवी. त्याला महापालिकेचा एक रुपयाही लागत नाही.

फलक शुल्काच्या प्रस्तावावर मी माझी हरकत लेखी दिली आहे. तीत दोन मागण्या आहेत. शुल्कवाढ मंजूर करावी, पण ठरावातून घरकुलाचा उल्लेख काढून तिथे तपासणी पथक, टायमरची अट आणि फलकावरील परवाना क्रमांक हे शब्द घालावेत. आणि वस्त्यांच्या मोजणीची फी भरण्यासाठी येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडून, कोणत्या वस्तीची मोजणी कोणत्या महिन्यात होणार त्याचे वेळापत्रक भूमी अभिलेख कार्यालयाच्या सहीने जोडावे. पोच मिळाली आहे. सुनावणीची तारीख अजून कळवलेली नाही.